अमेरिकेत कारशिवाय : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. भाडी दर वर्षी-दोन वर्षांनी बदलतात. त्यामुळे इथले आकडे अंदाजापुरते घ्यावेत आणि निघण्याआधी त्या त्या संस्थेचे संकेतस्थळ पाहावे.

मुलाला न्यू यॉर्क, शिकागो आणि डॅलस अशा तीन ठिकाणच्या नोकऱ्या आल्या आहेत. त्याला कार चालवायची नाही. कोणत्या शहराची वाहतूक सर्वांत चांगली? (एक पालक, पुणे)

एका शब्दात उत्तर हवे असेल तर न्यू यॉर्क. पण या उत्तरावर नोकरी ठरवू नका. अमेरिकेत शहराचे नाव फार थोडे सांगते, ऑफिसचा पत्ता बरेच काही सांगतो. ‘न्यू यॉर्कची नोकरी’ म्हणजे न्यू जर्सीतल्या महामार्गालगतचे ऑफिस संकुल असेल, तर मॅनहॅटनच्या सबवेचा त्याला काहीच उपयोग नाही.

तेव्हा मुलाकडून आधी ऑफिसचा नेमका पत्ता घ्या आणि घर कुठे घ्यायचा विचार आहे तो भाग ठरवा. मग नकाशाच्या ॲपमध्ये सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय निवडून तीन प्रवास तपासा : मंगळवारी सकाळी नऊला ऑफिसात पोहोचणे, त्याच दिवशी रात्री साडेनऊला परत निघणे, आणि रविवारी सकाळी दहाला किराणा आणायला जाणे. पहिला प्रवास जवळपास सगळीकडे बरा दिसतो. खरे रूप दुसऱ्या आणि तिसऱ्यात कळते.

प्रत्येक प्रवासात एकूण वेळेपेक्षा दोन गाड्यांमधले अंतर पाहा. दहा मिनिटे किंवा कमी असेल तर वेळापत्रक पाहावे लागत नाही. पंधरा मिनिटांपर्यंत निभावते. अर्ध्या तासाला एक बस असेल तर सगळा दिवस तिच्या हिशेबाने आखावा लागतो. तासाला एक असेल तर ती नाहीच असे समजून चाला. मध्ये बस बदलायची असेल आणि पुढची बसही अर्ध्या तासाची असेल, तर पहिलीला पाच मिनिटे उशीर झाला की घरी पोहोचायला तीस मिनिटे उशीर होतो. ॲप हा धोका दाखवत नाही, ते सगळे वेळेवर धरूनच हिशेब करते.

आता शहरांकडे. न्यू यॉर्कच्या सबवेची ४७२ स्थानके आहेत आणि ती चोवीस तास चालते. मॅनहॅटन, ब्रुकलिन किंवा क्वीन्सच्या सबवेलगतच्या भागात कार म्हणजे ओझेच. शिकागोत ‘एल’ या शहरी रेल्वेचे आठ मार्ग आहेत, त्यांतले रेड आणि ब्लू रात्रभर चालतात. बहुतेक मार्ग लूप नावाच्या मध्यवर्ती भागाकडे धावतात. त्यामुळे ऑफिस लूपमध्ये आणि घर ‘एल’च्या स्थानकाजवळ असेल तर कारची गरज नाही. हिवाळ्यात फलाटावर बटण दाबले की डोक्यावरचे हीटर लागतात. मुलाला हे बटण पहिल्याच आठवड्यात शोधायला सांगा. मात्र ऑफिस नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरात असेल तर गणित उलटते. मेट्रा ही उपनगरी रेल्वे सकाळी शहरात येणाऱ्यांसाठी आखलेली आहे. शहरातून बाहेर जायला गाड्या कमी असतात, आणि स्थानकावर उतरल्यावर ऑफिसपर्यंतच्या रस्त्याला अनेकदा फुटपाथही नसतो.

डॅलसची लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी रेल्वे, सुमारे १५० किलोमीटर पसरली आहे, अमेरिकेतल्या सर्वांत लांब लाइट रेल जाळ्यांपैकी ती एक. लांबीवर मात्र जाऊ नये. बरीच स्थानके पार्किंगच्या मैदानाशेजारी आहेत, वस्तीत नाहीत. घर आणि ऑफिस दोन्ही स्थानकापासून चालत दहा मिनिटांत असतील तर डॅलसलाही कारशिवाय जमते. दोनपैकी एक जरी लांब गेले, तरी उन्हाळ्याच्या चाळीस अंशांत चालावे लागेल.

एडिसनहून मॅनहॅटनला आठवड्यातून तीन दिवस जायचे आहे. ट्रेनवर किती भिस्त ठेवावी? पास काढावा का? (वाचक, न्यू जर्सी)

भिस्त ठेवा, पण दुसरा रस्ता पाठ करून ठेवा.

नॉर्थईस्ट कॉरिडॉर हा न्यू जर्सी ट्रान्झिट या राज्याच्या वाहतूक संस्थेचा सर्वांत गर्दीचा मार्ग, पण रूळ आणि वरच्या विजेच्या तारा ॲमट्रॅक या देशभरच्या रेल्वे कंपनीच्या मालकीच्या आहेत. बिघाड एकाचा, प्रवासी दुसऱ्याचे, म्हणून माहिती फलाटापर्यंत उशिरा पोहोचते. हडसन नदीखाली दोनच बोगदे आहेत, प्रत्येकात एक रूळ, १९१० पासून वापरात. २०१२ च्या सॅंडी वादळात त्यांत खारे पाणी शिरले, त्याने केबल आणि काँक्रीट आतून खाल्ले. एक बोगदा बंद पडला की दोन्ही दिशांच्या गाड्या उरलेल्या एकातून सोडाव्या लागतात आणि क्षमता निम्म्याहूनही खाली येते. हॅकनसॅक नदीवरचा पोर्टल पूलही १९१० चाच. बोटींसाठी तो फिरवून उघडावा लागे आणि कधी कधी परत नीट बसत नसे. त्याच्या शेजारी आता उघडावा न लागणारा उंच पूल उभा राहिला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तारांच्या बिघाडांनी या मार्गाची दैना झाली होती. कडक उन्हात जुन्या तारा सैल पडतात, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये सकाळी निघण्याआधी सूचना पाहायची सवय लावा.

दुसरा रस्ता असा : मॅनहॅटनच्या पेन स्टेशनकडची वाहतूक अडली की नुवार्क पेन स्टेशनला उतरा आणि तिथूनच पाथ ट्रेन पकडा. ती वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाते, स्वतःच्या वेगळ्या बोगद्यातून. मोठा खोळंबा झाला की बहुधा तुमचेच तिकीट पाथवर चालेल असे जाहीर केले जाते; ती घोषणा झाली आहे का ते पाहूनच गेटवर जा. तुमचे ऑफिस वॉल स्ट्रीटच्या बाजूला असेल तर रोजच हा मार्ग घ्या, पेन स्टेशनला जाऊन सबवेने खाली येण्यात अर्थ नाही.

एडिसनपेक्षा शेजारच्या मेट्रोपार्कला जास्त गाड्या थांबतात. मुंबईकरांना फास्ट-स्लो सांगायला नको. घरापासून दोन्ही स्थानके सारख्याच अंतरावर असतील तर मेट्रोपार्क बरे. पण घर घेण्याआधी पार्किंगच्या परवान्याची चौकशी करा, काही स्थानकांवर प्रतीक्षायादी असते आणि काही जागा त्याच गावच्या रहिवाशांसाठी राखीव असतात.

पासाचे गणित सोपे आहे. मासिक पासाच्या किमतीला एकेरी तिकिटाच्या किमतीने भागा. महिन्यात तेवढ्या फेऱ्या होत नसतील तर पास तोट्याचा. आठवड्यातून तीन दिवस म्हणजे महिन्याला २४ ते २६ एकेरी फेऱ्या. आलेला भागाकार याहून मोठा असेल तर सुटी तिकिटेच घ्या. पूर्वी लोक भाडेवाढीआधी तिकिटांची थप्पी घेऊन ठेवत. जुलै २०२४ पासून एकेरी तिकीट ३० दिवसांत बाद होते. मोबाइलवरचे तिकीट गाडीत चढण्याआधी सक्रिय करा. मशीन असलेल्या स्थानकावरून तिकिटाशिवाय चढलात तर गाडीत पाच डॉलर जास्त पडतात.

आणि कंपनीच्या एचआरला करपूर्व प्रवास-भत्त्याबद्दल विचारा. २०२५ साली महिन्याला ३२५ डॉलरपर्यंतचे तिकीट-पास पगारातून कर कापण्याआधी घेता येत होते. स्टेशनवरच्या पार्किंगसाठी तेवढीच वेगळी मर्यादा असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

‘सर्वोत्तम वाहतुकीची शहरे’ अशा याद्या एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. असे का? (वाचक, नागपूर)

कारण प्रत्येक यादीची मोजपट्टी वेगळी असते.

प्रवासीसंख्या घ्या. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रान्झिट डेटाबेसमध्ये प्रत्येक वेळी गाडीत चढणे वेगळे मोजले जाते. घर ते ऑफिस एका बसने जाणारा माणूस एक प्रवासी, तेच अंतर बस आणि ट्रेन बदलून जाणारा दोन. म्हणजे ज्या शहरात जास्त वेळा गाडी बदलावी लागते त्याचा आकडा फुगतो!

मग दरडोई काढायचे तर भागायचे कशाने? सॅन फ्रान्सिस्को शहराची जमीन सुमारे १२० चौरस किलोमीटर, ह्यूस्टन त्याच्या दहापटीहून मोठे. एकाच्या हद्दीत फक्त दाट वस्ती येते, दुसऱ्याच्या हद्दीत मैलोन्मैल बंगले आणि गोदामेही. शहराच्या हद्दीने तुलना केली तर सॅन फ्रान्सिस्को नेहमीच जिंकणार. महानगर क्षेत्र धरले तर अंतर बरेच कमी होते.

वक्तशीरपणाचा आकडा तर फारच जपून वाचावा. मेट्रा, न्यू जर्सी ट्रान्झिट, लाँग आयलंड रेल रोड या उपनगरी रेल्वे शेवटच्या स्थानकावर ५ मिनिटे ५९ सेकंद उशिरा आलेली गाडीही ‘वेळेवर’ धरतात. शिवाय बऱ्याच वेळापत्रकांत शेवटच्या दोन स्थानकांमध्ये जास्तीची मिनिटे ठेवलेली असतात, त्यामुळे वाटेत रखडलेली गाडी शेवटी वेळेवर पोहोचलेली दिसते. दर पाच मिनिटांनी ट्रेन असलेल्या सबवेत वेळापत्रक कुणीच पाहत नाही. तिथे दोन गाड्यांमधले अंतर सारखे राहते की नाही हेच महत्त्वाचे. अर्ध्या तासाच्या बसला मात्र वक्तशीरपणा म्हणजे जीव की प्राण. दोघांना एकाच टक्केवारीत बसवणारी यादी बाजूला ठेवावी.

यादी वाचायचीच असेल तर तिच्यात हे शोधा : दर पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर, रविवारीही, बस वा ट्रेन मिळते अशा ठिकाणापासून चालण्याच्या अंतरावर किती लोक राहतात? ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये बसचे सगळे मार्ग एका दिवसात बदलले ते याच विचाराने. शहरभर वाकड्यातिकड्या फिरणाऱ्या, क्वचित येणाऱ्या बस कमी करून सरळ रस्त्यांवर वारंवार येणाऱ्या बसचे चौकट-जाळे टाकले. काहींना थांब्यापर्यंत जास्त चालावे लागू लागले, त्यांचा रागही रास्त होता. पण तेवढ्याच गाड्यांत वारंवारता वाढवायची तर असे काहीतरी सोडावेच लागते.

आम्ही फ्रिस्कोला राहतो. एवढे पैसेवाले गाव, डॅलसच्या शेजारी, तरी ट्रेन नाही की बस नाही. कारण काय? (वाचक, टेक्सस)

विक्रीकर. टेक्ससमध्ये राज्याचा विक्रीकर ६.२५ टक्के आणि त्यावर गावांना जास्तीत जास्त २ टक्के लावता येतो. डॅलसच्या डार्ट या वाहतूक संस्थेत १९८३ मध्ये जी गावे आली ती यातला १ टक्का डार्टला देतात. फ्रिस्कोने आपला वाटा आर्थिक विकास आणि सामुदायिक विकास महामंडळांना अर्धा-अर्धा टक्का असा देऊन टाकला, उरलेला एक टक्का गावाच्या खर्चाला. दोन टक्के संपले. डार्टमध्ये यायचे तर त्या महामंडळांचा पैसा काढून घ्यावा लागेल, आणि मैदाने, ऑफिसे, मॉल आणणारा तो पैसा कोणता नगरसेवक सोडेल?

डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधले आर्लिंग्टन तर चार लाख वस्तीचे. तिथे २०१७ पासून ठरावीक मार्गाची बससेवाच नाही, ॲपवरून बोलवायच्या व्हॅन आहेत. एरवी त्या सोयीच्या, पण एका व्हॅनमध्ये बसतील किती? मागणी वाढली की वाट पाहणे वाढते, बसचा हाच तर फायदा आहे की गर्दी झाली तरी ती भरून घेते.

तुम्हाला जवळचे पर्याय प्लेनोत आहेत : रेड लाइनचे शेवटचे पार्कर रोड स्थानक, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेली सिल्व्हर लाइन, जी प्लेनोहून थेट डॅलस-फोर्ट वर्थच्या डीएफडब्ल्यू विमानतळाच्या टर्मिनल बीला जाते. तिथपर्यंत कार न्यावीच लागेल. आणखी एक. ‘ट्रेनजवळ’ म्हणून प्लेनो किंवा अर्विंगला घर घेणार असाल तर त्या गावाचे डार्टमधले सदस्यत्व काय स्थितीत आहे ते आधी पाहा. २०२५ च्या अखेरीस या दोन्ही गावांनी बाहेर पडण्याबाबत मतदान घेण्याचे ठराव केले होते.

फ्रीमाँटहून माउंटन व्ह्यूला कारने अर्धा-पाऊण तास, ट्रेनने त्याच्या दुप्पट-तिप्पट. बे एरियात बार्ट असून असे का? (वाचक, कॅलिफोर्निया)

बार्ट ही इथली मेट्रो रेल्वे खाडीच्या पूर्वेकडून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्यासाठी बांधली, खाडीच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्यासाठी नाही. मिलपिटास आणि बेरियेसा ही स्थानके जून २०२० मध्ये आली, तेव्हा कुठे ती सॅन होजेच्या हद्दीत पोहोचली. तुमचा मार्ग असा पडतो : फ्रीमाँट ते मिलपिटास बार्ट, तिथून व्हीटीए या स्थानिक वाहतूक संस्थेची ऑरेंज लाइन माउंटन व्ह्यूपर्यंत. ही लाइट रेल रस्त्याच्या मधून, सिग्नलवर थांबत जाते. वेळ खाते ती इथेच. ऑफिस ऑरेंज लाइनवरच्या एखाद्या थांब्याजवळ असेल तर प्रवास बराच सुसह्य होतो. पालो आल्टोकडे जायचे असेल तर युनियन सिटीहून डंबार्टन पुलावरून जाणारी डंबार्टन एक्सप्रेस बस पाहा.

मूळ दुखणे म्हणजे बे एरियात दोन डझनांहून जास्त वाहतूक संस्था आहेत, प्रत्येकीचे भाडे आणि वेळापत्रक वेगळे. क्लिपर हे भाड्याचे कार्ड सगळीकडे चालत असले तरी संस्था बदलली की नव्याने भाडे द्यावे लागे. नव्या क्लिपर पद्धतीत दोन तासांच्या आत दुसऱ्या संस्थेच्या गाडीत चढल्यास २.८५ डॉलरपर्यंत सूट मिळते. तुमचे कार्ड जुन्या खात्यावर असेल तर ॲपमधून ते नव्या पद्धतीवर आणून घ्या.

सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या पट्ट्यात मात्र सप्टेंबर २०२४ पासून चित्र पालटले. कॅलट्रेन ही उपनगरी रेल्वे डिझेलवरून विजेवर आली. विजेची गाडी थांब्यावरून लवकर वेग घेते, म्हणून थांबे कमी न करता वेळ वाचला, आणि शनिवार-रविवारी दर अर्ध्या तासाला गाडी मिळू लागली. घर बदलायची मुभा असेल तर कॅलट्रेनच्या बाजूला या.

जाता जाता, बार्टचे रूळ अमेरिकेतल्या नेहमीच्या रुळांपेक्षा रुंद आहेत : १६७६ मिलिमीटर, म्हणजे नेमका आपला ब्रॉडगेज. त्याची किंमतही बार्ट मोजते. बाजारात तयार मिळणारे डबे तिला चालत नाहीत, सगळे खास बनवून घ्यावे लागतात.

आईबाबा दोघेही सत्तरीचे, महिनाभर न्यू यॉर्क आणि वॉशिंग्टनला येणार आहेत. तिकिटे, जिने वगैरेंचे कसे करावे? (वाचक, ठाणे)

भारतातून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोघांच्याही व्हिसा किंवा मास्टरकार्डवर आंतरराष्ट्रीय वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही चालू करून घ्या. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर हे मुळात बंदच असते, आणि गेटवर ‘डिक्लाइन्ड’ दिसण्याचे हेच पहिले कारण.

न्यू यॉर्कला कार्ड गेटला टेकवले की झाले, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचे नाही. जानेवारी २०२६ पासून एक फेरी ३ डॉलर, आणि सात दिवसांत ३५ डॉलर झाले की पुढच्या फेऱ्या फुकट. पण हा हिशेब एका कार्डाचा. दोघांनी दोन वेगळी कार्डे वापरावीत, आणि सकाळी प्लास्टिकचे, संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून असे करू नये; यंत्रणेला ती दोन वेगळी कार्डे वाटतात. वॉशिंग्टनला अंतरानुसार भाडे असल्याने आत आणि बाहेर दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवावे लागते. तिथे ६५ वर्षांवरील लोकांसाठी निम्म्या भाड्याचे सिनियर स्मारट्रिप कार्ड आहे, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट न्या. न्यू यॉर्कच्या सवलतीसाठी अर्ज करून मंजुरीची वाट पाहावी लागते, थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी त्यात पडू नये.

जिन्यांच्या बाबतीत दोन शहरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वॉशिंग्टन मेट्रो १९७६ ची, तिच्या सर्व ९८ स्थानकांवर लिफ्ट आहे. न्यू यॉर्कची सबवे १९०४ ची, तिथे जवळपास तिसऱ्या हिश्श्याच स्थानकांवर लिफ्ट. गुडघे दुखत असतील तर नकाशात व्हीलचेअरची खूण असलेलीच स्थानके धरून आखणी करा आणि लिफ्ट त्या दिवशी चालू आहे का ते निघताना पाहा. थोड्या अंतरासाठी बस उत्तम : पायरी खाली झुकते, आणि दोन तासांत बस-सबवे बदल त्याच भाड्यात होतो.

न्यू यॉर्कला आणखी दोन ठिकाणी पाहुणे फसतात. काही लहान स्थानकांवर अपटाउन (उत्तरेकडे) आणि डाउनटाउन (दक्षिणेकडे) गाड्यांची प्रवेशद्वारे रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळी असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही, म्हणून कार्ड टेकवण्याआधी वरची पाटी वाचा. दुसरे म्हणजे शनिवार-रविवार. सबवे रात्रीही बंद होत नसल्याने दुरुस्ती गाड्या चालू असतानाच करावी लागते. मग एक्सप्रेस लोकल होते, एक गाडी दुसरीच्या मार्गावर जाते, एका दिशेची स्थानके गाळली जातात. फलाटावरचे कागद आणि गाडीतली घोषणा कायमच्या नकाशापेक्षा खरी.

बॉस्टनला मुलगी शिकायला चालली आहे. तिथली ट्रेन सायकलपेक्षा हळू असे ऐकले होते. (वाचक, कोल्हापूर)

२०२३ मध्ये ते खरे होते. रूळ वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिले आणि त्या मार्चमध्ये सुरक्षेसाठी साऱ्या सबवेवर वेगमर्यादा घालावी लागली. मग २०२४ मध्ये एकेक मार्गाचे तुकडे काही काही दिवस पूर्ण बंद ठेवून रूळ बदलले, आणि डिसेंबर २०२४ पर्यंत त्या मर्यादा निघाल्या. आता विद्यार्थ्यासाठी बॉस्टन चांगले शहर आहे. घर शोधताना रेड किंवा ऑरेंज लाइनला पसंती द्यावी. ग्रीन लाइनच्या फांद्या रस्त्यावरून ट्रामसारख्या जातात, नकाशावर जवळ दिसणारे कॉलेजही त्यांवरून वेळ घेते. रात्री एकच्या आसपास सबवे बंद होते, प्रयोगशाळेत उशीर होणार असेल तर कॉलेजची रात्रीची शटल विचारून ठेवा.

कोणत्या शहरात विमानतळावरून थेट ट्रेन मिळते? (वाचक, पणजी)

अटलांटाची मार्टा ही मेट्रो टर्मिनलमधूनच सुटते, सामान घेतले की समोर. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळालाही तसेच. डलेसला नोव्हेंबर २०२२ पासून सिल्व्हर लाइन आहे, शहरात यायला तासभर धरा. शिकागोच्या ओहेअरहून ब्लू लाइन रात्रभर मिळते. तिथून चढताना भाडे जास्त, तिकडे जाताना नेहमीचेच. सॅन फ्रान्सिस्कोला बार्ट आहे, पण विमानतळाचा अधिभार मोठा. बॉस्टनच्या लोगनहून सिल्व्हर लाइनची एसएल१ बस फुकट शहरात सोडते. लॉस एंजेलिसला जून २०२५ मध्ये विमानतळाजवळ मेट्रो स्थानक उघडले, टर्मिनलपासून तिथपर्यंत शटल बस घ्यावी लागते. न्यू यॉर्कच्या जेएफकेला आधी एअरट्रेन, तिचे वेगळे पैसे स्थानकावर बाहेर पडताना. मग जमैकाहून सबवे किंवा लाँग आयलंड रेल रोड, घाई असेल तर दुसरी. लाग्वार्डियाला ट्रेन नाही. तिथून क्यू७० ही बस फुकट आहे आणि जॅक्सन हाइट्सच्या सबवे स्थानकाशी सोडते, रात्री उशिराही.